बोक्याच्या हातातली पट्टी

तुम्हाला मी मित्रांनो म्हणेन, कारण आत्मवृत्त सांगताना तसं म्हणायची रीत आहे. खरं तर तुमची-माझी काही ओळख नाही, आणि तुमच्यापैकी एकाचे तरी हात स्वच्छ असतील असं मला वाटत नाही. मी रंगाऱ्याची जुनी पट्टी. शाळेत रेघा आखता ती पट्टी डोळ्यांसमोर आणली असेल, तर आधी ती बाजूला ठेवा. मला लाकडी मूठ आहे आणि पुढे रुंद, पातळ पोलादी पातं आहे. भिंतीचा जुना रंग खरवडायचा, भेगांमध्ये पुट्टी भरायची आणि भिंत सपाट करायची, हे माझं काम. तुमच्या घरातल्या भिंतीवरून एकदा हात फिरवा. गुळगुळीत लागली तर ते माझ्यासारख्या एखादीनं केलेलं आहे, आणि तिला आजवर तुम्ही विचारलेलंही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला मऊ दुपट्यात गुंडाळलं. मला यंत्राखाली दाबून पत्र्यातून कापलं, लालबुंद तापवलं, तेलात बुचकळलं आणि दगडावर घासलं. मूठ बसवताना पितळी रिबिटं आरपार ठोकली. मग एका बाईनं माझ्यावर कागदी लेबल चिकटवलं आणि माझ्याकडे न बघताच पुढची उचलली. दुकानात मी हुकाला लटकत राहिले. शेजारी ब्रश टांगलेले होते. ब्रश ही जमात मला तेव्हापासून डोळ्यांसमोर नको वाटते. सारखे केस विंचरून बसलेले, आणि गिऱ्हाईक दिसलं की अंगाला अंग घासायला तयार.

मला विकत घेतलं मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे घरं रंगवायची कामं घेणारे एक खडूस गृहस्थ. त्यांनी मला अंगठ्यानं वाकवलं, सोडलं, परत वाकवलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "हिला कणा आहे. तुमच्या दुकानात दुसऱ्या कोणाला दिसत नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. घरी नेऊन त्यांनी माझ्या मुठीवर आपल्या नावाच्या अक्षराची खूण कोरली. त्यानंतर त्यांनी माझं कौतुक असं कधी केलं नाही. पण काम संपलं की मला फडक्यानं कोरडी पुसायचे आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायचे. घरी बायकोशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी माझं तेल चुकत नसे.

आम्ही कितीतरी घरं केली. दरवेळी तेच व्हायचं. मी धूळ खायची, पापुद्रे काढायचे, भोकं बुजवायची, आणि शेवटी घरमालकीण दारात उभी राहून म्हणायची, "रंग काय सुरेख बसलाय हो!" रंग बसला म्हणे. रंग काय आपल्या पायांनी चालत येऊन बसतो? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ब्रश मात्र डब्यात पाय सोडून आरामात बसलेले असायचे.

मग एके दिवशी कामावर बोका आला.

त्याचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. भिंतींवरून, पत्र्यांवरून उड्या मारत हिंडायचा म्हणून सगळी वस्ती त्याला बोका म्हणायची. वय वीसच्या आसपास, ओठ फाटलेला, नजर कोणाच्या तरी अंगावर धावून जायच्या बेतात. आईबाप नव्हते. मोठी बहीण होती, तिला तो ताई म्हणायचा. ती एका इमारतीच्या तळमजल्यावर इस्त्रीचं दुकान चालवायची आणि दुकानामागच्या खोलीत दोघं राहायची. दोनदा पोलिसांनी त्याला मारामारीसाठी उचलून नेलं होतं आणि दोन्ही वेळा ताईनं जाऊन सोडवून आणलं होतं. तीच त्याला घेऊन मिस्त्रींकडे आली.

"मिस्त्री, एवढं करा. मोकळा राहिला तर कोणाचं तरी डोकं फोडेल हा."

"आणि माझ्याकडे ठेवला तर?"

"तुमचं डोकं कठीण आहे," ताई म्हणाली.

मिस्त्रींनी त्याला घासकामाला लावलं. रंगाच्या कामात नवीन माणसाला आधी घासायलाच लावतात. वाळूचा कागद घ्यायचा आणि भिंतीची चकाकी जाईपर्यंत घासायची. ती घासल्यावर काय करायचं, हे पुढचं शिक्षण. बोक्याला पुढचं शिक्षण मिळालंच नाही. आठवडा भरायच्या आत मिस्त्रींनी सगळ्यांसमोर त्याच्या भिंतीवर तळहात फिरवला आणि म्हणाले, "ही घासलीस की गोंजारलीस? परत कर."

"तुमचा हात खराब आहे, भिंत नाही."

"तुझी खोपडी खराब आहे. परत कर म्हणतो ना!"

बोक्यानं कागद त्यांच्या पायांवर भिरकावला आणि चालता झाला. जाताना मला कमरेला खोचून घेऊन गेला. माझा त्याला काडीचा उपयोग नव्हता. मिस्त्रींना झोंबावं, एवढाच त्यामागचा हेतू. ते मात्र साधलं. मिस्त्री नंतर महिनाभर ज्याला त्याला माझा पत्ता विचारत होते, असं मला पुढे कळलं.

आता खिळ्याबद्दल सांगते. खिळा हा बोक्याच्या टोळक्याचा म्होरक्या. अंगानं काटकुळा, जिभेनं लांब. सायकलच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर दिवसभर बसलेला असायचा, आणि गल्लीत कुठेही काहीही मोडलं, फुटलं, पेटलं तरी ते मीच केलं असं सांगायचा. त्यानं मला हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "बोथट आहे रे ही. हिनं काय लोणी लावणार?" मग दोघांनी मला पायरीच्या दगडावर घासलं. माझी सरळ कड तिरपी केली, एक कोपरा सुईसारखा केला. मित्रांनो, पट्टीला धार लावणं म्हणजे तिचं वाटोळं करणं. धारदार पट्टी पुट्टीवर फिरवली की ओरखडे उठतात. इतक्या वर्षांचं माझं सपाट कामाचं नाव त्या पायरीवर धुळीला मिळालं, आणि त्या दोघांना त्याचं काही नव्हतं.

त्यानंतर मी खिशातून नुसती डोकावायची आणि लोक गप्प व्हायचे. फळवाला गप्प झाला, बस कंडक्टर गप्प झाला. बोक्याला वाटायचं लोक त्याला मान देतायत. मूर्ख होता. लोक त्याच्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. घरी ताईचं आणि त्याचं रोज वाजायचं. शेवटी तिनं इस्त्री खाली ठेवून त्याला स्पष्ट सांगितलं.

"आता परत पोलीस माझ्या दाराशी आले ना, तर तुझी पिशवी बाहेर ठेवीन. आणि दार आतून लावून घेईन. रडणारसुद्धा नाही."

"नको ठेवूस. मीच जातो."

"जा की मग. कुठे जाशील? कोण घेईल तुला?"

तो कुठे गेला, तर इमारतीच्या मागे असलेल्या जुन्या पंपाच्या खोलीत. पंप दुसरीकडे हलवला होता, खोली रिकामी पडली होती, दाराला नुसती कडी. भिंतींना हिरवा, चकचकीत तेलरंग. कोपऱ्यात कोणा रंगाऱ्यानं टाकून दिलेली पुट्टीची अर्धी गोणी आणि पुट्टीत मिसळायच्या रंगाच्या काही बाटल्या. बोका तिथे नुसता बसून राहिला. मग कंटाळून त्यानं मला काढलं आणि भिंतीवर ओरखडे ओढायला लागला. ओरखडे ओढता ओढता पंप झाला. जो पंप तिथे आता नव्हता तो. नळ्या, चाक, खाली गळकी जागा, सगळं. बोका मागे सरकून बघत राहिला आणि भिंतीला उद्देशून एक शिवी हासडली.

त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं पुट्टीत पाणी घातलं, बाटलीतला रंग घातला, आणि ब्रश नव्हता म्हणून माझ्याच पात्यावर गोळा घेऊन भिंतीवर थापला. पहिले गोळे खाली पडले. दुसरे राहिले. माझा रुंद भाग लावला की गाल होतो, कड उभी धरली की नाकाची रेघ होते, आणि तो टोकदार कोपरा फिरवला की केस होतात, हे त्यानं स्वतः शोधून काढलं. तो रोज यायला लागला. काम करताना सारखा चिडलेला असायचा. रंगाला शिव्या, पुट्टीला शिव्या, मला तर विचारूच नका. पण कट्ट्यावर तो जाईनासा झाला, आणि मी कोणाच्या पोटासमोर यायची बंद झाले.

मग त्यानं ताईला काढायला घेतलं. इस्त्रीच्या टेबलाशी उभी असलेली, समोर वाफ, एक खांदा उंच. वर्षानुवर्षं उजव्या हातानं इस्त्री दाबून तिचा तो खांदा वर गेला होता. चित्र माणसाएवढं होतं आणि पुट्टीचा थर बोटभर जाड. तिनं ते बघावं आणि एकदा तरी वेगळ्या तोंडानं आपल्याशी बोलावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तसं तो बोलून दाखवत नव्हता. पण माझ्या मुठीवरच्या घामावरून मला कळत होतं.

आणि इथेच त्यानं माती खाल्ली. चकचकीत तेलरंगावर पुट्टी धरत नाही, मित्रांनो. आधी भिंत घासून तिची चकाकी काढावी लागते, मग प्रायमरचा, म्हणजे वरचे थर धरून ठेवणाऱ्या पहिल्या रंगाचा, हात मारावा लागतो, मग पुट्टी, तीसुद्धा पातळ थरांनी. बोक्यानं घासलं नव्हतं, प्रायमर मारला नव्हता. प्रायमर ही काय चीज आहे, हे कळण्याआधीच तो काम सोडून पळाला होता. त्यातून खोलीला ओल. ते चित्र भिंतीवर राहणार नाही, हे मला पहिल्या थरालाच कळलं होतं. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. त्यानं मला दगडावर घासलं होतं.

दरम्यान खिळा एकदा येऊन दारात उभा राहिला होता. आत पाऊलही न टाकता म्हणाला, "चित्रकार झालास म्हणे. बाहुल्या रंगवतोस. एके दिवशी येऊन सगळं पाडून टाकीन, मग बस टाळ्या वाजवत."

"हात लावून बघ," बोका म्हणाला, आणि दार त्याच्या तोंडावर लावलं.

चित्र पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, त्यानं ताईला खोलीत यायला सांगितलं. ती येण्याआधी फरशी झाडून घ्यावी म्हणून तो लवकर आला आणि कडी काढली. भिंत हिरवीगार होती. ताई खाली पडली होती, मोठमोठ्या खपल्या होऊन. वाफ एकीकडे, हात एकीकडे, चेहऱ्याचे दोन तुकडे.

बोका खपल्यांपाशी खाली बसला. मग म्हणाला, "खिळ्या." एवढंच. गाल आणि कान असलेला तुकडा त्यानं डाव्या हातात उचलला, मला उजव्या हातात घेतलं आणि वळला. दारात ताई उभी होती आणि तिच्या मागे मिस्त्री. ताईनं त्याच्या खिशात मला बघितलं होतं, मुठीवरची मिस्त्रींची खूण ओळखली होती, आणि आज भावाला त्यांची माफी मागायला लावायची म्हणून ती त्यांना घेऊन आली होती. बोका धड त्यांच्याकडे बघेनाही.

"सरका. खिळ्याला आज आडवा करतो. माझं चित्र पाडलंय त्यानं."

मिस्त्रींनी खोलीत नजर टाकली. आधी माझ्याकडे बघितलं, माझी धार बघितली, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या पट्टीचा सुरा केलास? हरामखोरा!" मग खालची एक खपली उचलून त्यांनी ती उलटी केली. "आणि हे कोणी पाडलंय म्हणालास? पाठ बघ. आरशासारखी आहे. ऑइलपेंटवर घासल्याशिवाय पुट्टी मारलीस, गाढवा! आपोआप सुटलीय ती. तुझ्या अकलेनं पाडलंय चित्र, दुसऱ्या कोणी नाही."

"खोटं!"

"बाळा, ऐक जरा," ताई म्हणाली. मी तिच्या तोंडून बाळा हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. पण त्यानं तिला बाजूला लोटलं. ती चौकटीवर आपटली. तो धावत निघाला आणि मागून तिचा आवाज आला, "पिशवी बाहेर ठेवतेय मी! ऐकलंस का? बाहेर ठेवतेय!"

कट्ट्यावर खिळा नेहमीसारखा बसला होता, भोवती त्याची पोरं. बोक्यानं त्याला कॉलर धरून उठवलं आणि मला त्याच्या पोटाला लावलं. शर्टातून माझं टोक त्याच्या कातडीला लागत होतं. जरा दाबलं असतं की संपलं असतं.

"माझं चित्र तू पाडलंस?"

आता ऐका. खिळ्यानं काहीही केलेलं नव्हतं. त्यानं नाही म्हणायचं, एवढंच बाकी होतं. पण पोरं बघत होती. त्यानं मान ताठ केली आणि म्हणाला, "हो. मीच पाडलं. काय करशील?"

"आम्ही होतो ना तिथे," पोरांपैकी एकजण म्हणाला.

बोक्याची पकड माझ्यावर घट्ट झाली. "कसं पाडलंस?"

"लाथ घातली. थेट तोंडावर. भिंतीला भोक पडलं, एवढी जोरात."

बोका थांबला. भिंतीला भोक नव्हतं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं डाव्या हातातला तुकडा वर आणला. गाल धड होता, कान धड होता, कुठे तडासुद्धा नव्हता. मग त्यानं तो हळूच उलटा केला. पाठ गुळगुळीत, चकचकीत. ऊन पडलं तशी चमकली.

"खिळ्या, तू तिथे आलाच नाहीस."

"आलो होतो म्हणतो ना!"

"अरे, पोटाला धार लागलीय तुझ्या. खरं बोल."

"मीच पाडलं!" खिळा ओरडला. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि तरी तो तेच म्हणत होता. पोरांसमोर मान खाली जाण्यापेक्षा त्याला पोट फाडून घेणं परवडत होतं. बोका त्याच्याकडे असा बघायला लागला की जणू आरशात बघतोय. मग त्याला हसू फुटलं. वाईट, रडक्या आवाजाचं हसू. त्यानं मला खाली घेतलं.

खिळ्यानं लगेच त्याच्या नाकावर ठोसा मारला. नाकातून रक्ताची धार लागली. बोक्यानं मला वर उचललं नाही. शर्टाची बाही नाकाला धरून तो वळला आणि चालायला लागला. मागून शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या, एक दगडही आला.

इस्त्रीच्या दुकानासमोर त्याची पिशवी ठेवलेली होती. दार बंद होतं. त्यानं वाजवलं नाही. पिशवी उचलून तो पंपाच्या खोलीत गेला. मिस्त्री तिथेच बसले होते, खपल्या एका बाजूला रचून.

"मारलंस त्याला?"

"नाही."

"मग माझी पट्टी सरळ करून दे. होती तशी."

त्यानं मला दगडावर धरलं. माझी धार काढायला त्याला ती लावण्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, काय सांगू! मिस्त्री अंगठा फिरवून बघायचे आणि परत फेकायचे. "अजून टोचतेय." परत घासायचं. "अजून." शेवटी मी सरळ झाले, कोपरा गेला, आणि मी चांगलीच आखूड झाले. मिस्त्रींनी मला उलटसुलट करून बघितलं आणि नाक मुरडलं. "ही आता माझ्या कामाची नाही. ठेव तुझ्या बोडक्यावर. आणि सोमवारी कामावर ये, तोंड बंद ठेवून." इतकी वर्षं ज्या माणसाकडे मी राबले, त्यानं मला असं टाकलं. मी अजून विसरलेले नाही.

बोका दिवसा मिस्त्रींकडे घासायचा आणि मग येऊन स्वतःची भिंत घासायचा. हिरवी चकाकी पार जाईपर्यंत. मग प्रायमर, मग पातळ थर, तो वाळला की दुसरा. झोपायचा तिथेच, पिशवी उशाला घेऊन. ताई त्याच्याशी बोलत नव्हती. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायची.

चित्र दुसऱ्यांदा पुरं झालं आणि ते भिंतीवर टिकलं. पावसाळाभर टिकलं. मग मिस्त्रींनीच जाऊन ताईला सांगितलं असावं, कारण ती एक दिवस आली. हात बांधून चित्रासमोर उभी राहिली. बोका दाराशीच थांबला.

"खांदा वाकडा काढलायस."

"वाकडाच आहे तो."

तिनं आपला खांदा खाली करून बघितला. होईना. परत करून बघितला. मग तिनं पदर डोळ्यांना लावला, नाक जोरात ओढलं, कोपऱ्यातली त्याची पिशवी उचलली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "बघत काय बसलायस? जेवण गार होतंय. आणि पाय धुऊन आत ये, सगळी पुट्टी घरभर करू नकोस."

पुढचं तुम्हाला कौतुकाचं वाटेल, म्हणून थोडक्यात सांगते. बोका आता भिंती रंगवतो, मोठमोठ्या, आणि लोक लांबून बघायला येतात. त्याच्याकडे नव्या पात्यांचा अख्खा संच आहे, एकेकाला मखमलीची खाच. मला काय मिळालं? मी डब्यांची झाकणं उचकटते. परवा तर त्यानं मला पाण्याच्या बादलीत टाकून दिलं आणि पाहुण्यांशी हसत बसला. माझ्या रिबिटांभोवती गंज चढलाय. खिळा अजूनही कट्ट्यावर सांगत असतो, की याचं पहिलं चित्र मीच लाथ घालून पाडलं. बोक्याच्या कानावर ते येतं. तो खोडून काढत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मला ती सहन होत नाही. काम झालं की हत्यार पुसून, कोरडं करून, तेल लावून ठेवा. भिंत आधी घासा. आणि तुम्ही जीव लावून केलेलं काही एके दिवशी तुमच्या पायाशी मोडून पडलं, आणि कोणीतरी छाती पुढे काढून म्हणालं की ते मीच मोडलं, तर हातात माझ्यासारखं काही असेल ते आधी खाली ठेवा. मग एक तुकडा उचला आणि उलटा करून त्याची पाठ बघा.